आधी सुई, मग सुरी: स्तनात गाठ लागली तर काय करायचं

"दुखत नाही ना, मग राहू दे." गाठीबद्दल घरात पहिलं वाक्य बहुधा हेच येतं आणि इथेच महिने वाया जातात. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन दुखतात, गाठी-गाठी लागतात आणि पाळी गेल्यावर उतरतात, त्यामागे सहसा हार्मोन्सची चढउतार असते. म्हणून दुखण्यावरून निकाल लावायचा नाही. एक पाळी येऊन गेली तरी गाठ तिथेच आहे, तर दाखवायची. पाळी बंद झालेल्या बाईने तेवढीही वाट बघायची नाही.

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत स्तनाचा कॅन्सर आता पहिल्या क्रमांकावर आहे. ग्लोबोकॅन या जगभरच्या कॅन्सरच्या आकडेवारीच्या 2022 च्या अंदाजानुसार वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आणि 98 हजारांच्या आसपास मृत्यू. पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं लवकर गाठतो, त्यामुळे चाळिशीतल्या बाईला "तुझं काय वय आहे का" म्हणून परत पाठवणं चूक आहे. पुरुषांनाही होतो, शंभरात एखादा. पुरुषाच्या स्तनाग्रामागे कडक गाठ लागली तर तीही दाखवायचीच.

घरच्या घरी बघणं

आधी एक खरं सांगून टाकू. दर महिन्याला ठरवून स्वतःची तपासणी करायला शिकवल्याने मृत्यू कमी होतात, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2002 साली आला. मृत्यू तेवढेच राहिले, साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, मात्र वाढल्या. तरीही आपल्याकडे बहुतेक गाठी बाईला स्वतःलाच सापडतात. तेव्हा याचं व्रत करू नका, महिना चुकला म्हणून घाबरू नका. स्वतःचा नेहमीचा स्तन हाताला कसा लागतो, हे माहीत असलं की बदल लगेच कळतो.

पाळी संपल्यावर तीन ते पाच दिवसांनी बघा. पाळी बंद असेल तर महिन्याची एक तारीख धरा. एका खोलीत चार माणसं राहत असतील तर न्हाणीघर बरं, साबणाच्या ओल्या हाताला गाठ चांगली लागते. आडवं होऊन बघायचं तर उजव्या बाजूसाठी उजव्या खांद्याखाली चादरीची घडी घ्या, उजवा हात डोक्यामागे ठेवा आणि डाव्या हाताने तपासा. बोटांची टोकं वापरायची नाहीत. मधल्या तीन बोटांच्या पेरांचा सपाट भाग टेकवून नाण्याएवढी वर्तुळं काढायची. प्रत्येक जागी तीनदा: हलकं, मध्यम, मग बरगडी लागेल इतकं दाबून. काखेपासून सुरू करून उभ्या पट्ट्यांत वर-खाली सरकत छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. वर गळ्याचं हाड, खाली स्तन संपतो तिथली घडी, एवढं क्षेत्र. काख वेगळी बघायची, हात थोडा खाली सोडून. हात उंच असला की काखेची कातडी ताणते आणि आतली गाठ लपते.

इथे होणारी चूक नेहमीची: चिमटीत धरून बघणं. चिमटीत निरोगी स्तनसुद्धा गाठीसारखाच लागतो.

मग आरशासमोर, आधी हात खाली, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर. एका जागी कातडी आत ओढली जाते का, संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं दिसतात का, पूर्वी सरळ असलेलं स्तनाग्र आत वळलंय का, एका बाजूचा आकार नव्याने बदललाय का. स्तनाग्रावर खाज-खपली येऊन मलमाने दोन-तीन आठवड्यांत बरी होत नसेल तर तो नायटा समजून बसू नका. न दाबता, एकाच बाजूने, रक्ताळलेला किंवा पाण्यासारखा येणारा स्राव दाखवायलाच हवा. अंगावर पाजणाऱ्या बाईचा स्तन लाल, गरम झाला तर बहुधा पू किंवा सूज असते. पण अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊनही तो उतरला नाही तर दुसरा कोर्स लिहून घेण्याआधी सोनोग्राफी मागा.

हाताला लागण्यात फरक असतो. तरुण मुलींत नेहमी आढळणारी साधी गाठ गुळगुळीत असते, बोटाखालून निसटते. कॅन्सरची गाठ चिंचोक्यासारखी कडक, कडा वेड्यावाकड्या, आजूबाजूला धरून बसलेली. पण हा फरक पक्का नाही. हाताने "साधीच आहे" म्हणणाऱ्या डॉक्टरांनीही पुढची तपासणी लिहून द्यायला हवी.

कोणाला दाखवायचं

काहीच तक्रार नसेल तरी तिशीनंतर आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी हाताने होते. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी आहे आणि सोबत तोंडाची व गर्भाशयमुखाचीही. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात तेव्हा "काही नाही" म्हणून वाटेला लावू नका. हाताने केलेली तपासणी म्हणजे गरिबाची तपासणी, हा समज काढून टाका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांवर हेच करून पाहिलं: प्रशिक्षित कार्यकर्त्या, दर दोन वर्षांनी, फक्त हात. 2021 साली छापलेल्या निकालात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आत तेवढा फायदा दिसला नाही, हेही त्याच निकालात आहे.

मॅमोग्राफीची सोय आणि ऐपत असेल तर 50 ते 69 या वयात दर दोन वर्षांनी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरात आई-बहिणीला झालेला असेल तर याहून लवकर.

गाठ लागलेली असेल तर आरोग्य केंद्रावर थांबायचं कारण नाही. सोलापूरकरांसाठी सांगायचं तर, शहरात सिव्हिलची, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाची, सर्जरीची ओपीडी आहे. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली, त्यामुळे "यासाठी मुंबईच गाठावी लागते" हे तितकंसं खरं नाही. पुरुष डॉक्टरसमोर संकोच वाटत असेल तर तपासताना बाई सोबत उभी राहील असं सांगा, तो तुमचा हक्क आहे. मराठी नीट न बोलणाऱ्या तेलुगू किंवा कन्नड घरातल्या आजींसोबत दोन्ही भाषा येणारी बाईच पाठवा. लहान नातवाला दुभाषा केलं की आजी अर्धंच सांगतात.

फोटो

चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी, त्याआधी सहसा आधी सोनोग्राफी, कारण तरुण स्तन घट्ट असतो आणि मॅमोग्राफीत सगळंच पांढरं दिसतं. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर, डिओ लावू नका, त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात. साडी किंवा दोन तुकड्यांचा ड्रेस सोयीचा. प्रत्येक बाजूचे दोन फोटो निघतात, प्रत्येक वेळी काही सेकंद दाब बसतो. जुने फोटो असतील तर घेऊन जा, तुलनेवरच अर्धा निकाल ठरतो.

रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' आणि पुढे आकडा असतो. 1 आणि 2 म्हणजे काळजी नाही. 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. 4 आणि 5 म्हणजे बायोप्सी. 0 पाहून सुटकेचा श्वास टाकू नका, त्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो हवेत. आणि हाताला लागणारी गाठ मॅमोग्राफीत दिसली नाही तरी ती संपली असं नाही. हाताला लागतेय तोवर शोध चालू ठेवायचा.

सुई

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गाठ दिसली की "काढून टाकू, नंतर बघू" म्हणून ती छोट्या ऑपरेशनने काढली जाते. निदानाआधी सुरी लागली की पुढचे बरेच रस्ते बंद होतात. कडेला कॅन्सर शिल्लक राहतो आणि दुसरं ऑपरेशन करावं लागतं. चीर चुकीच्या दिशेला गेली तर स्तन वाचवणं अवघड होतं. काखेतल्या गाठी तपासायच्या राहून जातात. ऑपरेशनआधी औषधं देऊन गाठ लहान करण्याची संधीही हातून जाते. कधी काढलेला तुकडा तपासायलाच जात नाही.

बरोबर क्रम असा: हाताने तपासणी, फोटो, मग सुईची बायोप्सी, आणि रिपोर्ट हातात आल्यावरच ऑपरेशन की औषध हा निर्णय. सुईतही दोन प्रकार. बारीक सुईने पेशी ओढून काढतात ती एफएनएसी. स्वस्त आणि झटपट, पण कॅन्सर दुधाच्या नळीच्या आत आहे की बाहेर पसरलाय ते तिला सांगता येत नाही. जाड सुईची कोअर बायोप्सी, बोलताना 'ट्रूकट', हीच मागा. जागा बधिर करून साधारण 14 नंबरच्या सुईने तीन-चार बारीक तुकडे काढतात, अर्ध्या तासात घरी. चार दिवस निळसर डाग राहतो, एवढंच. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. सुईला घाबरून घालवलेल्या महिन्यांत मात्र तो नक्की वाढतो.

तुकडा कशात ठेवला जातो याकडे नातेवाइकांनी जरूर लक्ष द्यावं, कारण बऱ्याचदा बाटली लॅबमध्ये तेच नेऊन देतात. तो 10 टक्के फॉर्मलिनमध्येच जायला हवा, काढल्यापासून तासाभरात, आणि द्रव तुकड्याच्या किमान दहापट. सलाईनमध्ये, साध्या पाण्यात किंवा कोरड्या बाटलीत ठेवलेला तुकडा खराब होतो आणि मग हार्मोनची तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येते. त्या एका चुकीने बाईला वर्षानुवर्षं उपयोगी पडणारी गोळी मिळत नाही. बाटलीवर नाव, वय, डावी की उजवी बाजू, काढल्याची वेळ. फॉर्मलिन हाताला लागू देऊ नका, झाकण घट्ट बसवा.

"कॅन्सर आहे" एवढ्यावर रिपोर्ट पुरा होत नाही. ईआर, पीआर (कॅन्सर हार्मोनवर वाढतो का ते बघणाऱ्या) आणि हर-टू (पेशींवर वाढीचं एक प्रथिन जास्त आहे का ते बघणारी) या तीन तपासण्या त्याच तुकड्यावर करून घ्यायच्या. ईआर किंवा पीआर 1 टक्का किंवा त्याहून जास्त आला तर हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी विचारात येते. हर-टू 0 किंवा 1 प्लस म्हणजे निगेटिव्ह, 3 प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. 2 प्लस म्हणजे अजून ठरलेलं नाही, त्यावर 'फिश' नावाची तपासणी करायची. हा 2 प्लस तसाच फायलीत राहून उपचार सुरू झालेले दिसतात, तेव्हा विचारा. तिन्ही निगेटिव्ह असतील तर तो 'ट्रिपल निगेटिव्ह', त्यात केमोचा भाग मोठा असतो आणि बीआरसीए या, घराण्यातून येणाऱ्या धोक्याशी जोडलेल्या जनुकांची तपासणी करावी का हेही विचारायचं. लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि काचा मागून घरी जपून ठेवा, गॅसजवळ किंवा उन्हात नको. दुसरीकडे मत घ्यायला त्याच लागतात.

उपचार

गाठ 2 सेंमीपर्यंत असेल तर टी-1, 2 ते 5 टी-2, 5 च्या वर टी-3, कातडी किंवा छातीच्या भिंतीला धरली असेल तर टी-4. सुरुवातीच्या स्टेजला, अंगात दुसरी तक्रार नसेल तर सगळ्यांना पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे पसरलाय ते बघणारा फोटो, लागत नाही. काखेत मोठ्या गाठी असतील किंवा कातडी धरली असेल तर लागतो.

स्तन पूर्ण काढायलाच हवा असं नाही. गाठ व आजूबाजूचा थोडा भाग काढून नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं तर आयुष्य तेवढंच मिळतं. मिलान आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी हे वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून 2002 मध्ये दाखवलं. "सगळं काढलं की डोक्याला ताप नाही" हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा हिशोब त्यामुळे टिकत नाही. फक्त अट एक: शेक पुरा करायचा. हल्ली तो बहुतेकदा 15 बैठकींत, तीन आठवड्यांत होतो. काखेत काहीच लागत नसेल तर तिथल्या पहिल्या एक-दोन लसिका-ग्रंथी काढून तपासतात आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीची काख वाचते. हातावर सूज येण्याचा धोका त्याने पुष्कळ कमी होतो.

काखेचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर आत साचणारं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी घेऊन घरी यावं लागतं. रोज ठरलेल्या वेळी त्या पाण्याचं माप लिहा. 24 तासांत 30 मिलिलिटरच्या खाली आलं की सर्जन बहुधा नळी काढतात. दुसऱ्या दिवसापासून मूठ उघड-मीट आणि कोपर हलवणं, नळी निघाल्यावर भिंतीवर बोटांनी हात वर चढवणं. हात जपायचा म्हणून गळ्यात अडकवून ठेवला की खांदा आखडतो आणि मग शेकाच्या टेबलावर हात वर जात नाही. पाणी रोज येत नसलेल्या शहरात घागरी-बादल्या भरणं हे बाईचंच काम समजलं जातं. पहिले सहा आठवडे ते दुसऱ्याने करावं, नंतर वजन हळूहळू वाढवत न्यावं. विड्या वळायला हरकत नाही, पण तासातून एकदा उठून दोन्ही हात वर ताणायचे.

केमोच्या नेहमीच्या क्रमात आधी चार डोस लाल औषधाचे (डॉक्सोरुबिसिनसारख्या) आणि मग पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध, बारा आठवडे दर आठवड्याला किंवा मोठ्या अंतराने चार. लाल औषधाआधी हृदयाची टू-डी इको हवीच. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. औषध जाताना शिरेजवळ आग झाली तर लाजू नका, लगेच सिस्टरला सांगा. शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. केस दोन-तीन आठवड्यांनी जातात आणि उपचार संपल्यावर परत येतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब वर्षभर, दर तीन आठवड्यांनी.

डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. घरात थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या, कारण एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे गेलेल्या सोलापुरात "अंग गरम आहे" याला काहीच अर्थ राहत नाही. 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त भरला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठायचं. या दिवसांत गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, गाड्यावरची चटणी-कांदा, उसाचा रस टाळा. घरचं शिजवलेलं सगळं चालतं. अंडी, डाळ, दूध, मटण खाणाऱ्यांनी नीट शिजवलेलं मटण. "कॅन्सरला साखर नको, मांस नको" म्हणून उपाशी ठेवलेल्या बाईचा पुढचा डोस अशक्तपणामुळे लांबतो. तोंड आलं की कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही दिवस बाजूला, मऊ ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या, आणि दिवसातून चार-पाच वेळा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चुळा. लग्न, वारी, पंचमी यासाठी डोस पुढे ढकलू नका.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर शेवटी गोळी: टॅमॉक्सिफेन 20 मिलिग्रॅम रोज एक, किंवा पाळी बंद झालेल्यांना लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम. पाच वर्षं, काहींना दहा. गोळी साधी दिसते म्हणून सुटते, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. टॅमॉक्सिफेन चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं किंवा एक पोटरी सुजून दुखू लागली तर लगेच दाखवायचं. लेट्रोझोलसोबत हाडांची घनता तपासून घ्यायची, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून. मूल हवं असलेल्या बाईने ही गोष्ट केमो सुरू होण्याआधी बोलायची, नंतर उशीर होतो.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत बिनपैशाचे उपचार आहेत. हेल्पलाइन 155388. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याच्याकडे जा. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रतींसह न्या. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका, मंजुरी बऱ्याचदा तिथेच अडकते. मंजुरीआधी खिशातून भरलेला पैसा योजना परत देत नाही.

मुंबईला जावंच लागलं तर रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत घ्या. ठरलेल्या फॉर्मवर हॉस्पिटलची सही-शिक्का लागतो. स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये रुग्णाला पूर्ण माफी आहे, सोबत्याला 75 टक्के. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरलं की परळचं टाटा जवळ. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आधी चौकशी करून जा.

पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान पुरं व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. तारखा वहीत लिहा. एखादी तपासणी तीन आठवडे अडकली तर विचारायला जा.

टाळता येतं का

पूर्ण नाही. वाढतं वय आणि बाईपण हेच मोठे धोके, आणि ते हातात नाहीत. जे हातात आहे ते करा: पाळी बंद झाल्यावर वजन वाढू न देणं, आठवड्याला दीडशे मिनिटं घाम येईल असं चालणं, दारू नको, बाळाला अंगावर पाजणं, डॉक्टरांना न विचारता हार्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं न घेणं. घट्ट किंवा काळी ब्रा, ब्लाउजमध्ये मोबाइल, लागलेला मार यांनी हा कॅन्सर होत नाही. मार लागल्यावर हात तिथे जातो आणि आधीच असलेली गाठ सापडते, एवढाच संबंध. मिश्री सोडायलाच हवी, पण ती मुख्यतः तोंडाच्या कॅन्सरसाठी.

उपचार संपल्यावर पहिली तीन वर्षं तीन-सहा महिन्यांनी तपासणी, पुढे दोन वर्षं सहा-बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दर वर्षी. तक्रार नसताना दर वेळी पेट स्कॅन किंवा रक्तातले मार्कर करण्याची गरज नसते. रात्री झोपमोड करणारी हाडदुखी, न थांबणारा खोकला, सतत डोकेदुखी, कावीळ यांपैकी काही आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. आणि घरातल्या मुली-बहिणींची तपासणी रुग्णाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी सुरू करायची: आईला 45 व्या वर्षी कळलं असेल तर मुलीची 35 व्या वर्षापासून.